वळण्याचे शब्द

बेटमा मागं पडलं, इंदूरहून धारला जाणारी मोटर घाटाबिल्लोदच्या रोखानं लागली, आणि भर दुपारी, सरळ रस्त्यावर ती एकाएकी डावीकडे गेली. झालं ते एवढंच. पुढं ज्यानं त्यानं ते आपापल्या परीनं वाढवून सांगितलं, पण घडलं ते एवढंच होतं, आणि ते इतकं थोडं होतं की कुसुमावतीला नंतर पुष्कळ दिवस त्याचं टोक सापडेना. ती ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसली होती. देवासच्या कन्याशाळेतल्या मास्तरीणबाई म्हणून तिला ती जागा नेहमी मिळे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर हात, नजर समोर. दोन्ही बाजूंना पिकून पिवळा पडलेला गहू, मधूनच बाभळी, आणि त्यांच्यामधून गिट्टीचा पांढुरका रस्ता उन्हात थरथरत होता. त्या थरथरीत तिला बाई दिसली. रस्त्याच्या मधोमध, मोटरीकडे पाठ करून, पंगतीला बसावं तशी मांडी घालून बसलेली. विटकं लाल लुगडं, डोक्यावरून पदर. तिचं डोकं जरासुद्धा हललं नाही. कुसुमावतीच्या घशातून आवाज फुटायच्या आत शेजारचे दोन हात फिरले. ते ड्रायव्हर खंडोजीचे हात होते हे तिला ठाऊक होतं, इंदूरपासून ती ते चाकावर पाहत आली होती. पण त्या क्षणी ते कुणाचेच नव्हते. वाऱ्यानं पान उलटं व्हावं तसे ते उलटे झाले. मग बाभळीच्या काट्यांचा पत्र्यावर करकर आवाज, आणि एका अंगावर कललेली मोटर गव्हात उभी.

त्यानंतर जी शांतता पसरली ती तिला कायमची लक्षात राहिली. मागं कुणाची तरी तांब्याची घागर घरंगळत होती. गव्हाच्या लोंब्या काचेला लागून सळसळत होत्या. तिनं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. ती बाई उठली होती. बसलेलं माणूस उठताना झटकतं तसं तिनं मागून लुगडं झटकलं, आणि समोरच्या, पलीकडच्या शेतात शिरली. तिनं मोटरीकडे पाहिलं नाही. गहू तिच्या कमरेइतका होता. थोडं अंतर पदर दिसत राहिला, मग धुरळा तिच्या नि कुसुमावतीच्या मध्ये आला, आणि तो खाली बसला तेव्हा शेतात कुणी नव्हतं.

मागच्या उतारूंनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांना दिसली ती बाभळ, आणि खांद्याचं हाड मोडून गुरासारखा ओरडणारा एक धान्याचा व्यापारी. माणसं खाली उतरली ती खंडोजीवर धावूनच. "अरे सो रिया था के?" "पीके बैठा है साला!" खंडोजी पन्नाशीचा, धारच्या दरबारात मोटर हाकण्यात उमर गेलेला गडी. तो बोनटला टेकून उभा होता आणि आपल्या हातांकडे बघत होता. "काय झालं खंडोजी?" कुसुमावतीनं मराठीत विचारलं. तो दचकला. "काय सांगू बाईसाहेब. हात फिर गया. मी फिरवला नाही. आपोआप फिर गया." बाईबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि ऐकत उभ्या असलेल्या माणसांपुढं कुसुमावतीही बोलली नाही. जीव द्यायला बसलेल्या माणसाला पोलीस धरून नेतात, तो गुन्हा आहे, हे तिला माहीत होतं. खंडोजीलाही ते माहीत असणार, म्हणूनच तो गप्प आहे, असं तिनं धरून चाललं. तासाभरानं मागून आलेल्या मोटरीनं सगळ्यांना धारला नेलं.

धारला ती जात होती ती नवऱ्याला मारायला. ती स्वतःशी असंच म्हणत असे, आणि तसं म्हणताना तिला थोडं बरं वाटे. दत्ताजीराव जाऊन बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं ज्याची वार्ता नाही तो मेला असं शास्त्र धरतं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-बारावं करायचं, म्हणजे तो सुटतो आणि मागे राहिलेलेही सुटतात. तिच्या सासूनं, जमुनाबाईंनी, भटजींना विचारून दिवस ठरवला होता आणि धाकट्या दिराकरवी निरोप पाठवला होता: सूनबाईंनी येऊन रुकार द्यावा. कुसुमावती रुकार द्यायला निघाली नव्हती. नाही म्हणायला निघाली होती. तो मेला म्हटलं की प्रश्नच मरतो, आणि तो प्रश्न तिनं बारा वर्षं पदराखाली निखाऱ्यासारखा जपला होता. तो का गेला? भांडण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. एके सकाळी नेहमीसारखा पागेत गेला, घोड्याला फिरवून आणलं, जाग्यावर बांधलं, खरारा केला, आणि घराकडे चालत निघाला. जिथं एक रस्ता घराकडे येतो आणि दुसरा मांडूकडे जातो तिथपर्यंत तो घराच्याच दिशेनं चालत होता, दूधवाल्यानं पाहिलं होतं. तिथं तो वळला. थांबला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. दूधवाला म्हणाला, "भिया तो ऐसे मुड़्या जैसे घर उदर ही होय." तेव्हापासून त्या घरातली, गल्लीतली, नात्यातली प्रत्येक नजर तिच्याकडे वळून एकच विचारत आली: तुझ्यात असं काय होतं? दरबारी मराठ्यांच्या घरात असलं कुणी तोंडानं विचारत नाही. तिला तोंडानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांत ती देवासला माहेरी निघून गेली, मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, आणि कुंकू लावून, मंगळसूत्र घालून, ना सवाष्ण ना विधवा अशी रोज सकाळी शाळेत जाऊन मुलींना इंग्रजी शिकवू लागली.

इंग्रजी तिला त्यानंच शिकवलं होतं. दत्ताजीराव संस्थानच्या घोडदळात होते. इंग्रज अंमलदाराच्या हाताखाली त्यांनी जे इंग्रजी उचललं ते बहुतेक घोड्याच्या पाठीवरचं. संध्याकाळी ओसरीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसत आणि हसत म्हणत, "आज तुम्हाला वळायला शिकवतो." ते तिला तुम्ही म्हणत. "टर्न म्हणजे नुसतं वळणं. आपल्या मनानं. व्हील म्हणजे सगळी रांग वळते, कडेचा स्वार जागच्या जागी, टोकाचा दौडत. व्हियर म्हणजे हळूहळू कलणं, वाऱ्यासारखं. कळतसुद्धा नाही कधी दिशा सुटली. डॉज म्हणजे हुलकावणी, त्यात लबाडी आली. शाय म्हणजे घोडा बिचकतो, सावलीला, चिंधीला, कशालाही." "आणि स्वर्व्ह?" तिनं तो शब्द कुठंतरी वाचला होता. त्यावर दत्ताजीराव थांबले होते. तांब्या हातात तसाच. "स्वर्व्ह म्हणजे... समोर काहीतरी येतं आणि तुम्ही बाजूला होता. पण घोडा झाला की स्वार झाला, ते सांगता येत नाही." शाळेत मुलींना हे शब्द शिकवताना ती हेच सांगे, फक्त कुणी सांगितलं ते सांगत नसे. आणि रात्रीबेरात्री जाग आली की त्या शब्दांतून त्याला चालवून बघे. टर्न? मग त्यानं ठरवलं होतं. डॉज? मग त्यानं फसवलं. शाय? मग ती चिंधी मी. प्रत्येक शब्द कुठून तरी फिरून तिच्याच दारात येऊन उभा राहायचा. समोर काहीतरी असल्याखेरीज माणूस वळत नाही, आणि त्या रस्त्याच्या टोकाला घर होतं, घरात ती होती.

जमुनाबाई आता दरबारच्या खासगीच्या जुन्या क्वार्टरात राहत. संस्थान विलीन झाल्यावर दोन खोल्या तेवढ्या राहिल्या होत्या. धाकटे दीर मानसिंगराव कलेक्टर कचेरीत कारकून झाले होते. मोटर पलटली असं गावात आधीच पोचलं होतं; सासूनं तिला दारातच थांबवून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांच्या पाठीचा कणा वाकला होता, नजर अधू झाली होती. जेवताना विधीची गोष्ट कुणी काढली नाही. कोपऱ्यात भिंतीशी पळसाची पानं फडक्याखाली झाकून ठेवली होती, आणि सगळेजण त्यांच्यावर पाय पडणार नाही असे चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरस्टँडवरून बोलावणं आलं. विमा कंपनीचे साहेब इंदूरहून आले होते. "वहिनीसाहेब, तुम्ही जायलाच पाहिजे असं नाही," मानसिंगराव म्हणाले. "कोर्टकचेरीत आपल्या घरातल्या बायका..." "मी पुढं बसले होते," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

स्टँडच्या खोलीत एक टेबल, एक हवालदार, मोटरमालक शेठ, आणि जाड काचांच्या चष्म्याचे, घामानं डबडबलेले, सभ्य असे ते साहेब. खंडोजी दाराबाहेर उकिडवा बसला होता. डुलकी लागली असं ठरलं तर त्याचं लायसन जाणार होतं, कदाचित तुरुंगही. साहेबांनी कागद वाचून दाखवला. बाकीच्या उतारूंच्या बोलण्यावरून त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं की ड्रायव्हरनं मोटर रस्त्यावरून खाली 'टर्न' केली.

"टर्न नव्हे," कुसुमावती इंग्रजीत म्हणाली. आपला आवाज तिला वर्गातल्यासारखा वाटला आणि ती ओशाळली, पण थांबली नाही. "टर्न म्हटलं तर त्यात त्याचा इरादा आला."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मग टाक उचलून म्हणाले, "बरं. व्हियर्ड?"

"व्हियर म्हणजे हळूहळू. झोपेत जाते तशी. ती तशी गेली नाही."

"मग आपणच सांगा, बाई."

"स्वर्व्ह्ड."

साहेबांनी लिहिलं. खोलीत टाकाची कुरकुर तेवढी होती. लिहून झाल्यावर त्यांनी टाक उचललेलाच ठेवला आणि सौम्यपणे विचारलं, "कशाला चुकवण्यासाठी?"

हा प्रश्न येणार हे तिला कळायला हवं होतं. तो त्या शब्दाच्या पोटातच होता. डोळ्यांसमोर गव्हातून जाणारी पाठ उभी राहिली. ती बाई आत्ता कुठंतरी भाकरी थापत असेल, विहिरीवर असेल, किंवा अजून चालतच असेल. आपण एक शब्द उच्चारला की हवालदार आसपासची गावं पालथी घालणार, घराघरातून लाल लुगड्याच्या बाईला ओढून विचारणार: का बसली होतीस? कुणामुळं? नवऱ्यामुळं? सासूमुळं? तुझ्यात असं काय होतं?

"रोजडा," कुसुमावती म्हणाली. "नीलगाय. एकदम शेतातून वर आली."

उभ्या आयुष्यात तिनं इतक्या सहजपणे खोटं सांगितलं नव्हतं. हवालदारानं मान डोलावली. त्या पट्ट्यात रोजडे पुष्कळ. शेठनं सुस्कारा सोडला. साहेबांनी लिहिलं, तिची सही घेतली, आणि तिचं इंग्रजी फार चांगलं आहे असं म्हणाले.

बाहेर चिंचेखाली खंडोजी तिच्या मागोमाग आला. त्यानं वाकून मुजरा केला, जुन्या रिवाजाप्रमाणं. "बाईसाहेब, पोराबाळांचे आशीर्वाद घेतलेत." मग घुटमळला. "पण एक विचारू का? तिथं रोजडा कुठं होता?"

"नव्हता," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तिचं नाव काढलं नाहीत, मग मी कशी काढणार?"

"कुणाचं?"

"त्या बाईचं. रस्त्यात बसली होती ती."

खंडोजी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं तिला दिसलं. "बाई? बाईसाहेब, तिथं कुणी नव्हतं. भवानीची आण. रस्ता साफ कोरा होता. उन्हानं माझे डोळे दिपले होते, पण रस्ता कोरा होता. म्हणून तर मी रात्रभर विचार करत पडलो, की हात फिरला तो कशापायी?"

"लाल लुगड्यातली. मागून गव्हात गेली."

"तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली. लुगडं झटकून गेली."

खंडोजी होता तिथंच चिंचेच्या मुळीवर बसला. दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. त्या हातांवरून नजर काढणं कुसुमावतीला जमेना. काळे, तेलकट, नखं तुटलेली, डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. डोळ्यांना जे दिसलं नाही ते यांना दिसलं होतं. की त्यांनाही दिसलं नव्हतं, आणि तरी ते फिरले होते? "हे माझे नाहीत," खंडोजी शेवटी म्हणाला, अगदी खालच्या आवाजात, देवळात बोलावं तसा. "तीस साल चाकावर ठेवले, वाटायचं माझे आहेत." त्याला रडू येत होतं आणि तो हसत होता.

ती घराकडे चालत निघाली. बाजार भरला होता, भोंगऱ्याच्या जत्रेसाठी आलेल्या भिलिणींचे चांदीचे वाळे वाजत होते, होळीचा गुलाल मांडला होता, आणि हे सगळं तिला काचेपलीकडं असावं तसं दिसत होतं, फार स्वच्छ आणि बिनआवाजाचं. त्या बाईला काय कळलं असेल? पाठमोरी बसलेली. मागून घरघर येत होती, मोठी होत होती, आणि मग ती आपल्या अंगावरून न जाता बाजूला गेली. का गेली ते तिला कधीच कळणार नाही. ती काही उठून मोटरीच्या पाठी लागली नाही, विचारलं नाही, की मला का टाळलंत? उठली, लुगडं झटकलं, चालू लागली. कुसुमावतीचे पाय हळू झाले. बारा वर्षं ती स्वतःही अशीच रस्त्यात बसून होती. तिच्या दिशेनं येणारा एक माणूस ऐन जवळ येऊन बाजूला वळला होता, आणि तिनं ते आपल्याला टाकून जाणं समजलं. त्या माणसाच्या आत काय घरघरत येत होतं ते तिला कुठं ठाऊक होतं? ओसरीवर तांब्या हातात धरून जो मध्येच थांबला, घोडा झाला की स्वार झाला सांगता येत नाही म्हणाला, त्याला तरी ठाऊक होतं का? कदाचित त्या फाट्यावर रस्ता साफ कोरा होता. समोर घर नव्हतं, बायको नव्हती, काहीच नव्हतं. पाय फिरले. ही गोष्ट इतकी भयंकर होती, आणि इतकी मोठी, की भर बाजारात तिच्या अंगावर काटा आला. जगात असं असू शकतं. कारण नसलेली वळणं असू शकतात, आणि त्यांतून कुणी मरता मरता वाचतं, कुणी जिवंतपणी हरवतं, आणि दोष कुणाच्याच पदरात पडत नाही. तिनं थांबून एका दुकानाच्या खांबाला हात टेकला. "बाई, पाणी दूँ?" दुकानदारानं विचारलं. तिनं मान हलवली. तिला कशाचीच तहान नव्हती. तिला नुसतं काही वेळ उभं राहायचं होतं.

घरी आली तेव्हा मानसिंगराव कचेरीत गेले होते. जमुनाबाई खिडकीशी बसून चाचपत तांदूळ निवडत होत्या. कुसुमावतीनं हातपाय धुतले, त्यांच्यासमोर बसली आणि सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

"आईसाहेब, विधी करायचा तर करा," ती म्हणाली. "तुमचा मुलगा आहे. मी आडवी येत नाही. पण मी कुंकू पुसणार नाही, आणि ते जिवंत आहेत असंही म्हणणार नाही. माझ्यापुरतं ते वळले. एवढंच झालं."

जमुनाबाईंचा हात सुपाकडे येता येता राहिला. "कुणामुळं?" त्यांनी विचारलं. बारा वर्षांत हा शब्द या घरात प्रथमच कुणी तोंडानं उच्चारला होता.

"कुणामुळंच नाही."

म्हातारी तिच्या दिशेनं पाहत होती, पण त्या अधू डोळ्यांना ती नीट दिसत नसावी. "त्या दिवशी," जमुनाबाई म्हणाल्या, "पागेत जाताना त्यानं उंबऱ्यातून हाक मारली. आईसाहेब, येतो. माझ्यापुढं पोथी होती. ओळ चुकेल म्हणून मी मान वर केली नाही. तुला दोष देतात असं तुला वाटायचं. मला कळत होतं. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार? मला ठाऊक होतं तो कुणामुळं गेला. तो माझ्यामुळं गेला. म्हणून त्याला सोडवायचं होतं, मी मरायच्या आधी."

एकाच घरात, पुढं दोन गावांत, दोन बायका एकच निखारा दोन पदरांत घेऊन बसल्या होत्या, आणि एकीची ऊब दुसरीला कधी लागली नव्हती. कुसुमावतीनं सूप बाजूला ठेवलं आणि सासूचे हात हातात घेतले. ते हलके होते, आतून पोकळ असावेत इतके. मग तिनं मोटरीची सगळी हकिगत सांगितली, बाईसकट, खंडोजीसकट. हवालदाराला न सांगितलेलं सारं सांगितलं. खंडोजीला रस्ता कोरा दिसला होता इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा जमुनाबाईंनी डोळे मिटले आणि "अगं बाई" एवढंच म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा, "अगं बाई."

"मानसिंग आला की त्याला सांगेन," त्या मग म्हणाल्या, "भटजींना नको म्हण. ती पानं गाईला घाल."

ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं होतं. जमुनाबाईंनी पदरानं चेहरा पुसला, कुतूहल वाटलेल्या लहान मुलीसारखी मान कलती केली.

"साहेबाला तू इंग्रजीत सांगितलंस ना? त्यांच्यात काय म्हणतात याला?"

"पुष्कळ शब्द आहेत, आईसाहेब."

"सांग बरं."

"टर्न."

"टरन," जमुनाबाई म्हणाल्या.

"व्हियर."

"व्हिर." बोळक्या तोंडातून तो शब्द वाऱ्यासारखा निसटला आणि त्यांना त्याचं हसू आलं. "कुठं शिकलीस गं हे?"

"ह्यांनीच शिकवले. ओसरीवर बसून."

"त्यानं?" म्हातारीनं विचारलं. मग कुसुमावतीच्या हातातला आपला हात न सोडवता त्या जवळ सरकल्या, आणि ज्या कानानं नीट ऐकू येत होतं तो कान तिच्या तोंडाशी आणून म्हणाल्या, "आणखी सांग. त्यानं शिकवलेले सगळे सांग. सावकाश."